पंपरूममधला हिवाळा

सुभाष म्हाप्रळकरांचं पोट साफ होत नसे. अकरा वर्षं होत नव्हतं. ही गोष्ट नवघर रोडच्या सूर्यकिरण सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होती, कारण चोवीस बिऱ्हाडांच्या त्या इमारतीत पाणी सकाळी पाऊण तास यायचं आणि त्या पाऊण तासात कोण कुठे अडकून बसलंय हे पाइपांच्या आवाजावरून तळमजल्यापासून गच्चीपर्यंत कळायचं. म्हाप्रळकरांच्या पाइपाला आवाज नसे.

माणूस सज्जन. मूळचे मंडणगडकडचे, फोर्टातल्या एका विमा कचेरीत हेडक्लार्क, परळची खोली सोडून शहाऐंशी साली भाईंदरला आलेले, आणि कुणाशी भांडण नाही म्हणून सोसायटीचे अध्यक्ष झालेले. त्यांचं एरंडेल घेऊन झालं, इसबगोल झालं, सोनामुखी झाली, तांब्याच्या गडूतलं पाणी झालं. कुणी सांगितलं म्हणून सहा महिने डाव्या कुशीवर झोपूनही झालं. दुखत वगैरे काही नव्हतं. पण सगळं जग रोज सकाळी एक काम उरकून मोकळं होतं आणि आपण तेच काम बरोबर घेऊन ऑफिसात जातो, याचा त्यांना आत कुठेतरी अपमान वाटायचा. संडासात बसून ते अख्खा पेपर वाचत, निविदा-सूचनांसकट.

एकोणनव्वदच्या जूनमधल्या एका शनिवारी ते असेच आत बसलेले असताना बाहेरून सुचेताबाईंचा आवाज आला. सुचेता टिपणीस चौथ्या मजल्यावर एकट्या राहायच्या, मीरा रोडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि दर मे महिन्यात हिमालयात कुठेतरी चालायला जायच्या. त्या सकाळीच कुमाऊंहून परतल्या होत्या.

"म्हाप्रळकर, वहिनी बाहेर गेल्यात का? माझं घर नुसतं भट्टी झालंय. ही मुळं तुमच्या ओट्याखाली गारव्याला ठेवते. सांगाल ना त्यांना?"

"ठेवा, ठेवा," म्हाप्रळकर आतून म्हणाले आणि परत निविदांत शिरले. सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दहा वाजता, त्यांच्याच हॉलमध्ये कमिटीची मीटिंग होती. विषय एकच, टँकर मागवायचा की नाही. तीन दिवस नळाला धार नव्हती. अध्यक्ष धरून सात माणसं. म्हाप्रळकरांच्या पत्नी उर्मिलाबाईंना भयंकर सर्दी झाली होती, नाक पार बंद. आल्याचा चहा करू, आपल्यालाही बरं वाटेल, म्हणून त्यांनी ओट्याखाली हात घातला तर कागदी पिशवीत तीन कुडे हाताला लागले. मातकट, गाठी-गाठींचे, थोडे चपटे. हल्ली आलं काय वाटेल तसलं मिळतं, असं मनाशी म्हणत त्यांनी दोन किसून चहात टाकले. हंसाबेनचा कप वेगळा केला. हंसाबेन सेक्रेटरी होत्या आणि जैन होत्या. आलं त्या घेत नसत. सर्दीमुळे उर्मिलाबाईंनी स्वतः चहाऐवजी शेवटी काढाच घेतला, हे त्यांचं नशीब.

चहा जरा कडवट, जिभेला चरचरणारा होता, पण अध्यक्षांच्या घरचा म्हणून सगळ्यांनी प्यायला. अर्ध्या तासाने खजिनदार विठू घोसाळकर टँकरच्या विरोधात बोलत होते. बोलता बोलता मध्येच थांबले, भिंतीकडे बघितलं आणि "आलोच" म्हणून उठून गेले. मग तिसऱ्या मजल्याचे सभासद गेले. मग दोघं एकदम उठले आणि दारात एकमेकांना धडकले. सहाव्याने वरपर्यंत पोचण्याची खात्री न वाटून अध्यक्षांच्या संडासाकडे धाव घेतली, पण तिथे अध्यक्षच होते. आतून कडी लावून. पेपर न घेता.

ते सात-आठ मिनिटांनी बाहेर आले तेव्हा हॉलमध्ये हंसाबेन एकट्या बसून, गुजराती सवयीने शिरोरेघ न देता, मिनिट्स लिहीत होत्या. "विषय क्रमांक एकवर चर्चा चालू असताना सदस्य एक एक करून निघून गेल्यामुळे सभा कोरमअभावी तहकूब." वर सगळ्या मजल्यांवरून बादल्यांचे आवाज आणि पाण्यासाठी हाका ऐकू येत होत्या. हंसाबेननी वही मिटली, शेजारच्या दुकानात जाऊन फोन लावला आणि दोन टँकर मागवले. खजिनदारांसकट कुणीही हरकत घेतली नाही.

म्हाप्रळकर खुर्चीत बसून राहिले होते. पोटात कुणी तरी खिडकी उघडून दिल्यासारखं त्यांना वाटत होतं. त्यांना चक्क भूक लागली. दुपारी त्यांनी वरणभात तीनदा वाढून घेतला. चार वाजता ते चपला घालून उगीचच खाडीपर्यंत जाऊन आले, आणि परत येताना त्यांच्या लक्षात आलं की आपण शीळ घालतोय. शीळ येते हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी सुचेताबाई पिशवी न्यायला आल्या तेव्हा उलगडा झाला.

"दोन किसलेत?" त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या. "उर्मिला, ते आलं नव्हतं गं. रानटी आयरिसचे कंद होते ते. दहा हजार फुटांवरच्या कुरणातून आणलेत मी, एका म्हातारीकडून मागून."

उर्मिलाबाईंनी डोक्याला हात लावला आणि नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने सीलिंगकडे पाहिलं.

"विषारी असतं का ते?" उर्मिलाबाईंनी विचारलं.

"ओलं असताना जहाल असतं, पोट धुऊन काढतं. तिकडे जपून देतात. लघवी अडकली, मूत्रपिंडाचं काही झालं तर मूळ देतात, ताप आला तर देतात. बी पण देतात. पानं गुरांना घालतात. फूल इतकं सुंदर असतं, वीतभर उंचीचं, फिकं जांभळं, वर गडद शिंतोडे आणि पाकळीवर पांढऱ्या केसांची बारीक दाढी. मी फुलासाठी आणलं होतं."

"एक उरलाय ना?" म्हाप्रळकरांनी विचारलं.

त्यांचा आवाज असा काही होता की सुचेताबाईंनी उरलेला कंद पटकन पिशवीत टाकून पिशवी मांडीवर घेतली.

सोमवारी म्हाप्रळकरांचा पाइप पुन्हा गप्प झाला. मंगळवारीही तेच. बुधवारी ते जिना चढून चौथ्या मजल्यावर गेले आणि त्यांनी अकरा वर्षांत कुणालाच, उर्मिलाबाईंनाही, सांगितलं नव्हतं ते, त्या आतल्या अपमानासकट, सगळं सुचेताबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी असं ठरलं की कंद लावायचा. वाढला, त्याला पिल्लं फुटली, की बोटभर तुकडा म्हाप्रळकरांचा. तोपर्यंत त्यांनी एखाद्या जाणत्या माणसाला विचारून यायचं.

जाणता माणूस म्हणजे भाईंदर पश्चिमेला जुन्या बाजारात बसणारे एक वैद्य. त्यांनी सुचेताबाईंनी काढून दिलेलं चित्र पाहिलं, वर्णन ऐकलं आणि सहाण पुढे ओढली.

"बाळगुटीत आपण वेखंड उगाळतो ते वेगळं. हे त्याचं चुलत भावंडही नव्हे, पण दिसायला तसंच, पानं तलवारीसारखी. आमच्या पोथ्यांत हैमवती म्हणून एक वचा, म्हणजे वेखंडच, येते, पांढरी, हिमालयातली. काही जण म्हणतात ती हीच, काही म्हणतात नव्हे. भांडण जुनं आहे, तुमच्या पोटामुळे मिटायचं नाही." मग त्यांनी विचारलं, "घेतलं कसं तुम्ही?"

"चहातून. ओलं. किसून."

वैद्यांनी सहाण परत मागे सारली. "वाळवतात ते. वर्षभर सावलीत. मग सहाणेवर एक वेढा, फार तर दोन. ओल्याच्या वाटेला परत जाऊ नका. आणि वहिनींना माझा नमस्कार सांगा."

त्यांनी मनुका आणि तूप लिहून दिलं. म्हाप्रळकरांनी कागद घडी करून खिशात ठेवला. मनुका-तुपाने शीळ आली नसती.

कंद कुंडीत लावला. पावसाळ्यात दोन पानं आली आणि ऑक्टोबरच्या उन्हाने ती करपून गेली. सुचेताबाईंनी पुस्तकं चाळली, शाळेतल्या जुन्या सरांना विचारलं आणि दिवाळीच्या सुट्टीत निकाल सांगितला. "त्याला थंडी पाहिजे. खरी थंडी, बर्फाची. दोन-अडीच महिने. नाहीतर ते जागंच होणार नाही."

भाईंदरमध्ये खरी थंडी कशी आणायची हा प्रश्न होता. इमारतीतला सगळ्यात मोठा फ्रीज हंसाबेनकडे होता. म्हाप्रळकर कुंडी हातात घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले.

"सुभाषभाई, बसा ने," हंसाबेन म्हणाल्या. "पण जमीनकंद आमच्या फ्रिजमध्ये नाय चालेल. कांदो नाय, बटाटो नाय, तर हे कसं चालेल?"

"खायचं नाहीये, हंसाबेन. नुसतं ठेवायचंय."

"खायचं नाय तर मग ठेवायचं कशाला?"

खायचंच होतं. म्हाप्रळकर खोटं बोलत नसत. ते कुंडी घेऊन खाली आले. आपल्याच फ्रिजमध्ये त्यांनी दूध-दही बाहेर काढून ती बसवली. तिसऱ्या दिवशी वीज गेली ती चौदा तास गेली. उर्मिलाबाई म्हणाल्या, "फ्रीज पाहिजे तर फ्रीज ठेवा, बाग पाहिजे तर बाग ठेवा. दोन्ही एका जागी होणार नाही."

वाट काढली गोदूबाईंनी. गोदूबाई नवघर गावच्या आगरी. सूर्यकिरण जिथे उभी होती तिथे पूर्वी त्यांच्या सासऱ्याचं भातशेत होतं. जमीन विकली तरी शेताच्या जुन्या विहिरीजवळच्या कोपऱ्यात पाटी टाकून त्या मासळी विकायला बसायच्या. कुंडी घेऊन फाटकाशी खिन्न उभ्या असलेल्या म्हाप्रळकरांना त्यांनी हाक मारली.

"काय रं भाऊ, कुनाचं सुतक हाय?"

म्हाप्रळकरांनी सांगितलं. गोदूबाईंनी कुंडीत बोट खुपसून पाहिलं.

"मंग बर्फात घाल की. आमची मासली दोन-दोन दिस ऱ्हाते, तुजा कांदा न्हाय ऱ्हानार? खारीवर कारखाना हाय बर्फाचा. माजं नाव सांग. सकालचा ये लवकर, फुटका बर्फ देतील."

पंधरा नोव्हेंबरपासून म्हाप्रळकरांचा नवा नेम सुरू झाला. सकाळी सव्वापाचला उठून पुलावरून पश्चिमेला जायचं, खाडीकाठच्या कारखान्यातून गोणपाटात भुशासकट बर्फ बांधून घ्यायचा, खांद्यावर टाकून परत यायचं. जागा म्हणून सोसायटीची पंपरूम ठरली. तिथे जमिनीखाली टाकी असल्यामुळे गारवा होता. गोदूबाईंनी मासळीचा थर्माकोलचा खोका दिला. खोक्यात कुंडी, कुंडीभोवती बर्फ, वरून गोणपाट, गोणपाटावर वीट. सुचेताबाईंनी प्रयोगशाळेतली तापमापक नळी आणून खोचली आणि भिंतीवर तक्ता लावला. सकाळ-संध्याकाळ तापमान लिहायचं. ऑफिसला जाताना म्हाप्रळकरांच्या शर्टाला एका बाजूने ओल आणि बोंबलांचा वास असायचा. हेडक्लार्क असल्यामुळे कुणी विचारत नसे.

बातमी काही लपली नाही. आणि ती फुटली घोसाळकरांकडून. जूनच्या त्या सभेनंतर आपली छातीतली जळजळ कायमची गेली आणि मानेवरचं गळूही बसलं, असं ते ज्याला त्याला सांगायचे. रंगीत भाषेत सांगायचे. पहिल्यांदा त्यांनी स्वतःचं नाव नोंदवलं. म्हाप्रळकर म्हणाले, "अहो, नोंदवता कशात? यादी कुठे आहे?" तर घोसाळकरांनी खिशातून वही काढली. वर लिहिलेलं होतं, 'प्रतीक्षा यादी (हिमालयीन औषध)'.

डिसेंबर संपेपर्यंत वहीत एकोणतीस नावं झाली. नावापुढे तक्रार. मुतखडा. मुरुमं. कावीळ झाली होती, पुन्हा होऊ नये म्हणून. परीक्षेत लक्ष लागत नाही. जावई बोलत नाही. सुचेताबाई एकेकाला पकडून समजावत होत्या की हे जहाल असतं, जावयावर चालत नाही. पण शिक्षिकेचं बोलणं लोक जसं ऐकतात तसं ते सगळ्यांनी मान हलवून ऐकलं. जानेवारीत शेजारच्या दोन इमारतींनी लेखी विचारणा केली की पंपरूममधल्या सुविधेचा लाभ बाहेरच्यांना मिळेल काय.

म्हाप्रळकरांना या सगळ्याचं ओझं व्हायला लागलं. त्यांना हवा होता बोटभर तुकडा, आणि आता त्या बोटावर एकोणतीस जण बसले होते. पण सकाळी पंपरूमचं कुलूप काढून गोणपाट बाजूला करताना त्यांना हे काही आठवत नसे. आधी ते तापमान बघायचे. मग माती. मग उगीच थोडा वेळ उकिडवे बसून राहायचे. बर्फ बारीक आवाज करत विरघळत असायचा.

जानेवारीअखेर सुचेताबाईंनी सांगितलं, "पुरे. आता बाहेर काढा हळूहळू." फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मातीतून हिरवं टोक आलं. चार पानं झाली, उभी, एकाच ओळीत पंख्यासारखी. गोदूबाई मुद्दाम पाटी सोडून बघायला आल्या.

"येवऱ्या बर्फाव आमचा पापलेट पन उगवला आसता," त्या म्हणाल्या. पण जाताना त्यांनी पानावरून हळूच बोट फिरवलं.

मार्चच्या मध्यावर घोसाळकरांनी विशेष सर्वसाधारण सभेची मागणी केली. विषय, कंदाचं वाटप. सभा रविवारी सकाळी दहाला, पंपरूमसमोरच्या मोकळ्या जागेत. शनिवारी पानांच्या मधून एक कळी वर आली होती, गुंडाळलेल्या छत्रीसारखी. रविवारी सात वाजता म्हाप्रळकरांनी कुलूप काढलं तेव्हा ती उघडलेली होती.

सुचेताबाईंनी वर्णन केलं होतं ते खरं होतं, पण पुरेसं नव्हतं. तीन पाकळ्या वर उभ्या, तीन खाली झुकलेल्या, आणि फिक्या जांभळ्यावर कुणी ओला कुंचला झटकावा तसे गडद शिंतोडे. पांढरी दाढी टोकाला पिवळी. म्हाप्रळकर उकिडवे बसले ते साडेआठला उर्मिलाबाई शोधत आल्या तेव्हा उठले.

"अहो, आंघोळ करायचीय ना? अध्यक्ष आहात."

"बघ तरी."

उर्मिलाबाईंनी वाकून पाहिलं. "हे मी किसलं?" त्या हळू आवाजात म्हणाल्या.

सभा वेळेवर सुरू झाली, जे सोसायटीच्या इतिहासात पूर्वी घडलं नव्हतं. कुंडी टेबलावर ठेवली होती. पहिली दहा मिनिटं लोक फुलाबद्दल छान छान म्हणाले. मग घोसाळकरांनी ठराव मांडला: कंद काढावा, सहाणेवर उगाळावा, आणि प्रत्येक सभासदाला दीड वेढा या प्रमाणात वाटप व्हावं. भाडेकरूंना अर्धा वेढा.

"अर्धा का?" भाडेकरूंतून कुणीतरी विचारलं. "आमचं पोट अर्धं आहे काय?"

यावर पाऊण तास गेला. पंपरूम सामाईक जागा असल्यामुळे हिवाळाही सामाईक, असं एका बाजूचं म्हणणं. बर्फ अध्यक्षांनी स्वतःच्या खांद्यावरून आणला असल्यामुळे हिवाळा खासगी, असं दुसऱ्या बाजूचं. सुचेताबाई दोनदा उठून म्हणाल्या की झाड त्यांचं आहे. दोन्ही वेळा त्यांना सांगितलं गेलं की विषयपत्रिकेवर तो मुद्दा नाही. वैद्यांनी सांगितलेलं वर्षभराचं वाळवणं म्हाप्रळकरांनी काढलं, तर घोसाळकर म्हणाले, "जूनमध्ये कुठे वाळवलं होतं? आणि आम्ही काय मेलो?" हंसाबेन सगळं लिहून घेत होत्या. कुणीतरी त्यांचं मत विचारलं.

"मला तर काढणं पण पाप, खाणं पण पाप," त्या म्हणाल्या. "लिहिणं पाप नाय म्हणून लिहिते."

शेवटी तडजोड निघाली. आधी बोटभर तुकडा काढून तो फक्त अध्यक्षांना द्यायचा, जूनसारखाच, चहातून. गुण आला तर वाटप. सगळ्यांनी हात वर केले.

म्हाप्रळकर कुंडीसमोर उभे होते. नऊ महिने ज्याची वाट पाहिली ते समोर होतं, वर सभेची मंजुरी होती. आणि त्यांना ते नको होतं. हे त्यांना त्या क्षणीच कळलं, आणि एवढ्या माणसांसमोर हे सांगायचं कसं हे कळेना. पोट साफ होण्यापेक्षा फूल बरं वाटतं असं एखाद्या अध्यक्षाने म्हटल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी सुचेताबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "कडेचा काढा. मुख्य गाठीला धक्का लावू नका. फुलाला कळणारसुद्धा नाही."

मग त्यांनी चहाच्या चमच्याने कुंडीच्या कडेची माती उकरली, वाकून, श्वास रोखून, आणि चाकूने अर्ध्या बोटाएवढा तुकडा कापला. उर्मिलाबाईंनी चहा केला. या वेळी त्यांना सर्दी नव्हती. किसताना त्या तोंड फिरवून होत्या. म्हाप्रळकरांनी सगळ्यांदेखत कप रिकामा केला आणि घरात गेले.

कुणी हललं नाही. काही जण जिन्यावर बसले. घोसाळकर म्हाप्रळकरांच्या बाथरूममागच्या पाइपाला कान लावून उभे राहिले आणि दर पाच मिनिटांनी मान हलवत होते. गोदूबाई पाटी आवरून बसल्या. पाऊण तास झाला. दीड तास झाला. आत म्हाप्रळकर आरामखुर्चीत बसले होते आणि उर्मिलाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"काही होतंय?"

"काही नाही."

"अजिबात?"

"जरा झोप येतेय."

एक वाजता घोसाळकरांनी पाइपाला लावलेला कान काढला. सुचेताबाईंनी, विज्ञानाच्या शिक्षिका म्हणून, लोकांना सांगितलं की असं होऊ शकतं. डोंगरातली माती वेगळी, ऊन वेगळं, भाईंदरच्या पंपरूममध्ये फूल येईल, पण जहालपणा येईलच असं नाही. लोकांनी हे मात्र लगेच मानलं. भाईंदरमध्ये येऊन प्रत्येकाचंच काही ना काही उतरलं होतं. एकेक जण जेवायला निघून गेला. वहीचं काय झालं कुणाला माहीत नाही. घोसाळकरांच्या जळजळीने मात्र त्याच आठवड्यात परत डोकं वर काढलं, आणि गळवानेही.

फूल मंगळवारपर्यंत टिकलं. हंसाबेन तीन दिवस सकाळी देवळातून येताना वाकडी वाट करून बघून गेल्या. बुधवारी ते सुकून चिकट गुंडाळी झालं तेव्हा म्हाप्रळकरांनी ऑफिसला उशिरा पोचण्याचं कारण रजिस्टरमध्ये 'घरगुती' असं लिहिलं.

त्यांच्या पोटाचं होतं तसंच राहिलं. मनुका-तुपाने थोडंफार, कधीमधी. पण नव्वदच्या नोव्हेंबरात एका पहाटे ते उठले आणि त्यांनी गोणपाट शोधायला सुरुवात केली.

"आता कशाला?" उर्मिलाबाई अंथरुणातून म्हणाल्या. "औषध तर नाही ना ते."

"नाही," म्हाप्रळकर म्हणाले आणि चपला घालून बर्फ आणायला गेले.

एक्याण्णवच्या मे महिन्यात सुचेताबाईंनी दोघांनाही आपल्याबरोबर कुमाऊंला नेलं. उर्मिलाबाई वाटेत तीनदा म्हणाल्या की मी इथेच बसते, तुम्ही जाऊन या, पण बसल्या नाहीत. चौथ्या दिवशी दुपारी एका खिंडीवरून पलीकडचं कुरण दिसलं. ते सगळं जांभळं होतं. उतारावर, दगडांच्या फटींत, शेणाच्या पोवांशेजारी, म्हशींच्या वाटेवर, हजारोंनी. कुणी कुलूप लावलेलं नव्हतं, तापमान लिहिलेलं नव्हतं.

म्हाप्रळकर एका फुलाशी उकिडवे बसले.

खालून एक म्हातारी गवताचा भारा घेऊन चढत आली. सुचेताबाईंनी ओळखलं, कंद देणारी हीच. म्हातारीने भारा टेकवला आणि हिंदीत विचारलं, दोन साल पहले ले गई थी, क्या किया उसका? पेट का किया या पेशाब का?

सुचेताबाईंनी म्हाप्रळकरांकडे बोट दाखवलं.

"हम उसको बर्फ देते हैं," म्हाप्रळकर म्हणाले. "रोज सुबह. ढाई महीना."

म्हातारीने त्यांच्याकडे पाहिलं, मग पलीकडच्या डोंगरावरच्या बर्फाकडे, मग परत त्यांच्याकडे.

"किसलिए?"

म्हाप्रळकरांनी हिंदीत शब्द शोधून पाहिले. मराठीतही शोधून पाहिले. म्हातारीने कमरेच्या गाठोड्यातून मूठभर भाजलेले गहू काढून त्यांच्या हातावर ठेवले, आजारी माणसाला द्यावेत तसे, आणि भारा उचलून वर निघाली. उर्मिलाबाईंनी त्यातले अर्धे घेतले. तिघं तिथेच बसून ते खात राहिले.